क्यू आला की लेकरं अडतात: इंग्रजी शब्दखेळासाठी अक्षरवार शब्द अर्थासकट सुचवा

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिकवते. शनिवारी दप्तर नसतं, त्या दिवशी सहावी ते आठवीच्या लेकरांसाठी आम्ही स्क्रॅबल सुरू केलंय. म्हणजे पिशवीतून काढलेल्या सात टाइलवरची अक्षरं पटावर जुळवून आडवे-उभे इंग्रजी शब्द करायचे आणि अक्षरांचे गुण मिळवायचे. विकतचा संच एकच आणि खेळणारे वर्गभर, म्हणून बाकीचे संच शाळेतच केले. वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू घेतली आणि त्यावर १५ बाय १५ चे चौकोन आखले. लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून १०० टाइल केल्या. अक्षर मधोमध, गुण खाली उजव्या कोपऱ्यात. मूळ संचासारखंच ई १२, ए आणि आय नऊ-नऊ, ओ ८, आणि २ कोऱ्या, त्या कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात. टाइल पालथी टाकली की कुणाच्या पाठीवर गणपतीचा सोनेरी कान यायचा, कुणाच्या पाठीवर नवरदेवाचं आडनाव. लेकरं पाठ बघूनच क्यू ओळखायला लागली, तेव्हा सगळ्यांच्या मागं वहीचं खाकी कव्हर चिकटवलं.

खेळ छान रंगतो. पण क्यू, झेड, जे, एक्स ही अक्षरं हातात आली की लेकरं अडतात. भेंड्यांत ‘ण’ आल्यावर होते तशी गत. क्यूसाठी क्वीन आणि क्विक एवढेच शब्द माहीत, त्यांना यू लागतो, आणि अख्ख्या संचात यू चारच आहेत.

नेटवर याद्या भरपूर सापडतात, पण त्या नुसत्या याद्या आहेत. बिनअर्थाचा शब्द लेकराच्या डोक्यात आठ दिवस टिकत नाही, आणि टिकला तरी त्यातून त्याला काही मिळत नाही. मला अक्षरवार शब्द अर्थासकट हवेत, आणि अर्थ आमच्या गावातल्या लेकराला कळेल असा हवा. एक विनंती: स्पेलिंग देवनागरीत अक्षर-अक्षर सोडवून लिहा, म्हणजे मला फोनवरून वर्गात सरळ वाचून दाखवता येईल.

बिंदुसरा

ताई, फार चांगलं काम करताय. मी मूळचा बीडचा, आता पुण्यात असतो आणि स्पर्धा खेळतो.

आधी खेळात चालणाऱ्या शब्दांची कोणती यादी धरायची ते ठरवा. अमेरिकेत एक शब्दयादी चालते, बाकी जगात बहुतेक ठिकाणी कॉलिन्स या कोशवाल्यांची. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सवर होतात, तुम्हीही तीच धरा. आपल्याकडचे बरेच शब्द त्याच यादीत आहेत, त्यामुळे लेकरांचा फायदा आहे.

दुसरं, दोन अक्षरी शब्दांपासून सुरुवात करा. कॉलिन्समध्ये ते १२७ आहेत आणि सगळा खेळ त्यांच्यावर उभा असतो. एक्सचंच बघा, हे अक्षर पाचही स्वरांशी जमतं. ए-एक्स म्हणजे कुऱ्हाड. ई-एक्स म्हणजे पूर्वीचा नवरा किंवा पूर्वीची बायको. ओ-एक्स म्हणजे बैल. एक्स-आय हे ग्रीक वर्णमालेतलं अक्षर, आणि एक्स-यू हे व्हिएतनामचं नाणं. एवढे पाच आले की एक्स कधी अंगावर पडत नाही. एक्सचे गुण ८. तो तिप्पट अक्षराच्या चौकोनावर, म्हणजे जिथं त्या अक्षराचे गुण तिप्पट होतात तिथं, असा ठेवायचा की आडवा आणि उभा दोन्ही शब्द तयार होतील. आडवा ए-एक्स २५, उभा ओ-एक्स २५, एका टाइलच्या जिवावर ५० गुण. सहावीच्या पोराला हे एकदा करून दाखवा, पुढचे चार शनिवार ते एक्सचीच वाट बघेल.

क्यूसाठी पहिला शब्द क्यू-आय. उच्चार ‘ची’. चिनी विचारात शरीरातून वाहणारी जीवनशक्ती, आपण प्राण म्हणतो त्याच्या जवळचं. ११ गुण. स्पर्धेत क्यू हातात आला की बहुतेक जण आधी आय कुठं मोकळा आहे ते शोधतात.

व्हीचं उलटं आहे. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे शोधण्यात वेळ जाणार नाही.

मांजरा

लातूरहून लिहितोय. माझी मुलगी आठवीत आहे, ऑनलाइन खेळते. माझं मत वेगळं आहे. अर्थाच्या मागं लागू नका. खेळात अर्थ विचारत नाहीत, शब्द यादीत आहे का एवढंच बघतात. निगेल रिचर्ड्स हे न्यूझीलंडचे खेळाडू, इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेते. २०१५ मध्ये ते फ्रेंच स्क्रॅबलची स्पर्धा जिंकले तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दकोशातले शब्द पाठ केले, बस. २०२४ मध्ये स्पॅनिशची विश्वस्पर्धाही तशीच जिंकली. पाठांतराला आपल्याकडं उगाच नावं ठेवतात. रोज दहा शब्द, आठवड्याला उजळणी, महिन्याला चाचणी. असं केलं तरच पोरं पुढं जातात.

दुधनाकाठ

दादा, रिचर्ड्स यांची गोष्ट खरी आहे आणि थक्क करणारी आहे. पण त्यांना स्पर्धा जिंकायची होती. मला लेकरांचं इंग्रजीचं भय घालवायचंय. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी आठवीतलं लेकरू इंग्रजी शब्द मोठ्यानं उच्चारायला घाबरतं, कारण तो शब्द आपला नाही असं त्याला आतून वाटत असतं. मला ते वाटणं घालवायचंय. दोन अक्षरी शब्द पाठ करायला माझी ना नाही, ते उद्यापासूनच घेते.

नहरवाला

अस्सलाम वालेकुम, नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरचा. क्यूबद्दल मला सांगायचंय, जरा मोठं होईल.

आमच्या घरात उर्दू. उर्दूत ‘क’ दोन आहेत. एक साधा छोटा काफ, दुसरा घशातून येणारा बडा क़ाफ़. इंग्रजीत यूशिवाय क्यू येणारे जे शब्द आहेत, त्यातले बहुतेक अरबी-फारसी-उर्दूतून गेलेले आहेत आणि त्यांच्यात हा बडा क़ाफ़ आहे. तिकडच्या लोकांनी क़ाफ़ दिसला की क्यू लिहिला. हे एकदा कळलं की यादी पाठ करावी लागत नाही. खुद्द क्यू हे अक्षरसुद्धा क़ाफ़चं भावंडच आहे. फिनिशियन लिपीत जे अक्षर होतं त्याच्यापासून हिब्रूचं कोफ झालं, अरबीचं क़ाफ़ झालं आणि ग्रीकांमार्फत रोमन क्यू झाला. हिब्रू अक्षराचं ते नावही खेळात चालतं: क्यू-ओ-पी-एच, १८ गुण.

आता शब्द घ्या. एफ-ए-क्यू-आय-आर, फकीर, १७ गुण. क्यू-ए-डी-आय, काझी, १४. टी-ए-एल-ए-क्यू, तलाक, १४. बी-यू-आर-क्यू-ए, बुरखा, १६. यात यू आहे पण क्यूच्या आधी. एन-आय-क्यू-ए-बी, नकाब, १६. एस-यू-क्यू, अरब गावातला बाजार, १२. क्यू-ए-टी म्हणजे येमेन आणि इथिओपियाकडं चघळतात तो पाला, १२. डब्ल्यू-ए-क्यू-एफ, वक्फ, धर्मादाय दिलेली जमीन किंवा मालमत्ता. चार अक्षरांत १९ गुण.

आणि माझा सगळ्यात लाडका, क्यू-ए-एन-ए-टी. उच्चार कनात. १४ गुण. डोंगराच्या पायथ्याशी पाणी जिथं साठतं तिथून गावापर्यंत जमिनीखालून खोदत आणलेला बोगदा. उतार अगदी थोडा, पंप नाही, मोट नाही, पाणी आपल्या वजनानं चालत येतं. मध्ये मध्ये वरून विहिरीसारखी तोंडं ठेवतात, त्यातून माणूस उतरून गाळ काढतो. ही विद्या इराणची. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं आमचं शहर, वसवली आणि १७व्या शतकाच्या सुरुवातीलाच असं पाणी शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पुढं पाणचक्कीलाही तसंच दुरून डोंगरातून भूमिगत नळांनी पाणी आणलं, त्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळलं जायचं. तुमच्या लेकरांची सहल पाणचक्कीला येतच असेल. तिथं उभं करून हा शब्द सांगा. वक्फ मंडळाचं ऑफिसही त्याच आवारात आहे, म्हणजे क्यूचे दोन शब्द एकाच दारात भेटतील.

कयाधू

नहरवाला भाई, हे फार मोलाचं सांगितलंत. मी हिंगोलीत कॉलेजवर इंग्रजी शिकवतो, पण क़ाफ़चं सूत्र असं सरळ कुणी समजावलं नव्हतं. एक शंका. आपल्याकडं दख्खनीत तर हा क़ाफ़ ‘ख’सारखा बोलतात. काझीला खाजी, कव्वालीला खव्वाली. मग कानानं ऐकून लेकराला कसं ओळखायचं?

नहरवाला

सर, तीच तर खूण आहे. हैदराबादेत आणि आमच्याकडं क़ाफ़चा ख होतो. जो शब्द दख्खनी माणूस ‘ख’नं बोलतो आणि मराठीत ‘क’नं लिहितात, तिथं क़ाफ़ असायची शक्यता फार. काझी-खाजी, कव्वाली-खव्वाली, तलाक-तलाख. तुमच्या शाळेत उर्दू घरातली लेकरं असतील तर त्यांना विचारा, ती बोलून दाखवतील. बाकीचा वर्ग त्यांच्याकडून शिकेल. इंग्रजीच्या तासाला त्या लेकरांचं घरचं बोलणं कामाला येतं, हे त्यांनाही कळू द्या.

कव्वालीही चालते. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, सात अक्षरं. संचातले दोन्ही डब्ल्यू लागतात म्हणून जुळणं कठीण, पण जुळलं तर २२ आणि सातही टाइल एकदम लावल्याचे ५०, म्हणजे दुहेरी-तिहेरी चौकोन न धरताही ७२. खुलदाबादच्या उरुसात ज्यानं कव्वाली ऐकलीय त्याला हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही.

एक सांभाळा. क़ाफ़वाला प्रत्येक उर्दू शब्द यादीत नसतो, आणि काही शब्द के घेऊनही लिहितात. फकीर एफ-ए-के-आय-आर असाही चालतो. म्हणून बोर्डवर ठेवण्याआधी यादी बघायचीच. तिथं अंदाज चालत नाही.

तेरणाकाठ

मी गृहिणी आहे, धाराशिवची. पोरांबरोबर रात्री जेवणं झाली की खेळते. नहरवाला भाऊंचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरचा शब्द सांगते: जे-ओ-डब्ल्यू-ए-आर. ज्वारी! १५ गुण. पोरीनं ठेवला तेव्हा मी म्हटलं, हे काय भाकरीचं लावायलीस, इंग्रजी लाव. तिनं मोबाइलवर यादी काढून दाखवली. शेवटी आय लावला तरी चालतो, जे-ओ-डब्ल्यू-ए-आर-आय. बाजरीही आहे, बी-ए-जे-आर-आय, १४ गुण. आर-आय ऐवजी आर-ए लिहिलं तरी चालतं. नाचणीला आर-ए-जी-आय. भजीला बी-एच-ए-जे-आय, १७ गुण. जे आला की आता आमच्या घरात कुणी तोंड वाकडं करत नाही.

मांजरा

ताई, हे ठीक आहे, पण याला इंग्रजी शिकणं म्हणायचं का? पोरांना ज्वारी आधीच माहीत आहे. इंग्रजीच्या नावाखाली मराठीच शब्द फिरवले तर परीक्षेत काय उपयोग? बोर्डाच्या पेपरात जोवार कुणी विचारत नाही.

कयाधू

दादा, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

इंग्रजी भाषा अशीच वाढलेली आहे. ज्या देशात गेली तिथल्या वस्तू, अधिकार, पिकं, प्राणी यांची नावं तिनं उचलली. मुंगसाला इंग्रजीत मॉन्गूस म्हणतात, तो शब्द मराठीतून गेलाय. लाख, कोटी, घाट, साडी, धोतर, लाठी, लूट, गुरू, पंडित हे सगळे इंग्रजी शब्दकोशात आहेत. खेळात एल-ए-के-एच हा शब्द ११ गुणांचा. सी-आर-ओ-आर-ई म्हणजे कोटी.

आणि मराठवाड्याला तर जास्तीचा हक्क आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो. त्या राज्यकारभाराचे शब्द आपल्या सातबाऱ्यात आणि बोलण्यात अजून आहेत, आणि इंग्रजांनी तेच शब्द आपल्या कोशात घेतले. एन-आय-झेड-ए-एम, निजाम, १६ गुण. झेड-आय-एल-ए, जिल्हा, १३. आर-वाय-ओ-टी, रयत. टी-ए-एच-एस-आय-एल, तहसील. एन-ए-डब्ल्यू-ए-बी, नवाब. झेड-ए-एम-आय-एन-डी-ए-आर, जमीनदार. १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर वर्गात निजाम शब्द फळ्यावर लिहा आणि पाचही अक्षरांचे गुण लेकरांकडून मोजून घ्या. इतिहासाचा तास आणि स्पेलिंगचा तास वेगळे काढावे लागत नाहीत.

आता परीक्षेचं. जोवार पेपरात येत नाही, मान्य. पण जोवार लिहिताना लेकरू जे-ओ, मग डब्ल्यू, मग ए-आर असा आवाज आणि अक्षर यांचा मेळ घालतं. ओळखीच्या आवाजावर हा मेळ एकदा बसला की अनोळखी शब्दावर बसायला सोपा जातो. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच करायला लावतो. गावाचं नाव, पिकाचं नाव, आजीचं नाव रोमन लिपीत लिहा, मग पुस्तक उघडा.

उदगीरकर

बिदरी राहिली. बी-आय-डी-आर-आय. गुण आठच, पण आमच्या शेजारच्या बीदरचं काम जगाच्या कोशात बसलंय हे लेकरांना कळलं पाहिजे. जस्त आणि तांबं यांच्या मिश्रणाचं भांडं ओततात, त्यावर कोरून चांदीची तार बसवतात आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती लावून काळं करतात. चांदी तेवढी पांढरी राहते.

दुधनाकाठ

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! परवाच्या शनिवारी यातलं थोडं वापरून बघितलं, ते सांगते.

मी फळ्यावर जे काढला आणि विचारलं, ‘जे’वर संपणारा इंग्रजी शब्द सांगा. वर्ग गप्प. मग एच-ए-जे लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी हात वर करत नाही, ती म्हणाली, ‘मॅडम, हज? माझी दादी जाऊन आली.’ १३ गुण. मग आर-ए-जे, टी-ए-जे आले, आणि एस-डब्ल्यू-ए-आर-ए-जे लिहिल्यावर सगळा वर्ग ओरडला, स्वराज! अस्सल इंग्रजी शब्द ‘जे’वर संपतच नाहीत म्हटलं तरी चालेल, जे संपतात ते बहुतेक आपल्याकडून किंवा अरबीतून गेलेले. लेकरांना याचं फार वाटलं. शेवटी ‘जे’ ठेवायची जागा मिळाली की आता ती ‘आपल्याकडचा शब्द शोध’ असं एकमेकांना सांगायलेत.

‘टी-ए-जे’चा अर्थ मात्र कोशात बघून घ्यावा लागला. तिथं तो मुकुट, आणि दरवेशी घालतात ती उंच टोकदार टोपी असा आहे. सगळ्यांनी ताजमहालच म्हटलं होतं.

कयाधू

ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. ओळखीच्या शब्दांत फसगतही असते. डब्ल्यू-ए-डी-आय लेकरू वाडी वाचेल आणि वस्ती असा अर्थ सांगेल. कोशात तो अरबी शब्द आहे: फक्त पावसात वाहणारी, एरवी कोरडी असलेली नदीची दरी. आपल्याकडं असे ओढे पावलोपावली आहेत, म्हणून अर्थ लगेच पटतो, पण तो वाडी नव्हे. अर्थ लिहून घ्यायचाच तो एवढ्यासाठी. उलट हुरडा, पेंडी, कडबा हे रोजचे शब्द यादीत असतील अशा भरवशावर राहू नका.

झेडसाठी अजून दोन. झेड-ए-आर-आय म्हणजे जर, पैठणीच्या काठापदराला असते ती, १३ गुण. आणि ए-डी-झेड-ई, १४ गुण, हे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, आपला वाकस. गावात सुतार असेल तर लेकरांना त्याच्याकडं नेऊन वाकस हातात घेऊ द्या.

बिंदुसरा

स्वर नसलेल्या शब्दांचाही एक गट करा. हातात सगळी व्यंजनं आली की लेकरं टाइल बदलायला धावतात आणि पाळी वाया जाते. वाय हाताशी असेल तर एल-वाय-एन-एक्स, रानमांजराची एक जात. एन-वाय-एम-पी-एच, जलपरी. वायही नसेल तर एन-टी-एच आहे, गणितातलं ‘न’वं पद. टी-एस-के म्हणजे आपण जीभ टाळ्याला लावून च्च करतो ते. बी-आर-आर म्हणजे हुडहुडी भरल्यावरचा आवाज. सी-डब्ल्यू-एम हा वेल्श भाषेतला, उच्चार ‘कूम’, डोंगरात वाटीसारखी खोलगट दरी. एव्हरेस्टच्या वाटेवर अशी एक आहे, तिच्या नावात हाच शब्द येतो.

उलट सगळे स्वरच आले तर ए-ए, हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा. आपला मराठवाडा दख्खनच्या लाव्ह्यावरच बसलेला आहे, वेरूळची लेणी त्याच दगडात कोरलीत. ए-आय हा दक्षिण अमेरिकेतला, तीन बोटांचा सुस्त प्राणी. ओ-ई म्हणजे फॅरो बेटांकडचा वावटळीसारखा वारा.

आठवीच्या हुशार लेकरांना एक मोठं काम देतो. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं द्या आणि सातही लागतील असे शब्द करायला सांगा. रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर हे ओळखीचे. स्टेअरिन म्हणजे चरबीतला घट्ट घटक, मेणबत्तीत वापरतात. स्टेनर म्हणजे डाग पाडणारा किंवा रंग देणारा. रेटसिना म्हणजे झाडाच्या डिंकाचा वास असलेलं ग्रीक मद्य. सातही अक्षरं एकेक गुणाची, म्हणजे फक्त ७, पण वरचे ५० धरून ५७ होतात. स्वस्त अक्षरांची खरी ताकद इथं दिसते. हा खेळ तयार करणाऱ्या अल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टचं १९३० च्या मंदीत काम गेलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कोणतं किती ठेवायचं आणि कुणाला किती गुण द्यायचे ते ठरवलं होतं. एस मुद्दाम चारच ठेवले, म्हणजे प्रत्येक शब्दाला एस लावून अनेकवचनाचे सोपे गुण मिळू नयेत.

मांजरा

बिंदुसरा, ही सात अक्षरांची गोष्ट आवडली. मुलीला दिली. तिला चार सापडले, पाचवा शोधायलीय. पण बघा, तिथंही शेवटी तिला पाठच करावं लागणार. मी पाठांतर सोडणार नाही. दुधनाकाठ ताई, तुम्ही वर्गात अर्थाला गुण देता का? दिले तर खेळाचे नियम मोडतात.

दुधनाकाठ

खेळाच्या गुणांना हात लावत नाही दादा. तुमचं बरोबर आहे, नियम नियमासारखे राहिले पाहिजेत. अर्थासाठी वेगळी वही केलीय. ज्यानं शब्द ठेवला त्यानं अर्थ मराठीत सांगायचा, आणि जमलं तर तो शब्द घरात, शेतात, बाजारात कुठं भेटतो ते सांगायचं. वहीत नाव आणि शब्द लिहायचा. वही सगळ्या वर्गाची, पुढच्या शनिवारी कुणीही उघडून बघायची. तुमच्या पाठांतराला तीच वही कामाला येईल.

क्यूसाठी भिंतीवर मोठा पुठ्ठा लावणार आहे. मधोमध बडा क़ाफ़, उर्दू लिपीत. तो काढून द्यायला सातवीतली दोन लेकरं तयार आहेत. त्याच्याभोवती फकीर, काझी, वक्फ, कनात, कव्वाली. नहरवाला भाऊ, अक्षराचं वळण बरोबर आलंय का ते फोटो टाकून तुम्हालाच विचारीन.

एक प्रश्न राहिला. खेळ संपताना क्यू हातातच राहिला तर काय होतं? लेकरांत यावरून वाद होतात.

नहरवाला

जरूर टाका. वर दोन नुक्ते, म्हणजे टिंबं, द्यायला विसरू नका म्हणावं, एकच दिला तर तो फ होईल.

बिंदुसरा

ताई, हातात राहिलेल्या टाइलचे गुण वजा होतात, आणि ज्यानं आधी सगळ्या टाइल संपवल्या त्याला तेवढेच मिळतात. क्यू राहिला तर आपले १० जातात, त्याचे १० वाढतात, फरक २० चा पडतो. म्हणून पिशवी रिकामी व्हायच्या आत क्यू-आय लावून मोकळं व्हायचं, मोठ्या शब्दाची वाट बघत बसायचं नाही.